पंडिता रमाबाई स्मारक टपाल तिकीट

पंडिता रमाबाई स्मारक टपाल तिकीट : संस्कृत विदुषी, लेखिका व समाजसुधारक पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने २६ ऑक्टोबर १९८९ रोजी काढलेले साठ पैशांचे तिकीट. रमाबाईंची अखेरची कर्मभूमी केडगाव (ता. दौंड, जि. पुणे).

जीवन व कार्य : रमाबाईंचा जन्म गंगामूळ (कर्नाटक) येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वैधव्यानंतर १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

मद्यपाननिषेध व मताधिकार : आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांचा १८७४ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यपाननिषेध संघटनेशी व तिच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी निकटचा संबंध आला. नवऱ्याच्या दारूने उद्ध्वस्त होतो तो संसार बाईचा. तेव्हा गुत्ते बंद करायचे तर मतही बाईच्या हाती हवे, असा विलर्ड यांचा युक्तिवाद होता. अमेरिकी स्त्रियांच्या संघटना व त्यांचे राजकीय हक्क यांची ओळख रमाबाईंनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त (१८८९) या ग्रंथातून मराठी वाचकांना करून दिली.

केडगाव : रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी सुरू केलेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आले. गोदूबाई (पुढे आनंदीबाई कर्वे) या त्याच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक. १८९६-९७ च्या दुष्काळात आणलेल्या मुलींसाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. विणकाम, शेती, अंधांचे शिक्षण यांबरोबर तेथे छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे सदनातल्या मुलींनी जुळवले.

मूल्यमापन : विलर्ड यांचे पाच सेंटचे तिकीट अमेरिकेने १९४० मध्ये शिक्षणतज्ज्ञांच्या मालिकेत काढले. रमाबाईंची ओळखही मुख्यतः स्त्रीशिक्षणाशी जोडली जाते. मद्यपाननिषेधाच्या चळवळीशी असलेले त्यांचे नाते त्यामानाने मागे पडले. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळासाठी स्त्रियांना, मालमत्तेच्या अटींसह, मताधिकार मिळाला तो १९२१ मध्ये. पुढच्याच वर्षी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले.