कुंभार्ली चढलेला परका गियरबॉक्स

एका गाडीत दुसऱ्याच कंपनीचा गियरबॉक्स बसवायचा म्हटलं की लोक गियरबॉक्सच्या गप्पा मारतात. माझ्या मते गियरबॉक्स हा त्यातला सोपा भाग. अवघड असते ती इंजिन आणि गियरबॉक्स यांच्या मधली चार सूत जाडीची प्लेट. एका बाजूला एका कंपनीची भोकं, दुसऱ्या बाजूला दुसरीची, आणि दोन्हींचा मध्य एकच. मी आयुष्यभर कोयनानगरात लेथ चालवला. वडील धरणाच्या कामावर आले आणि इथलेच झाले. आमच्याकडे सालं भूकंपाच्या आधीची आणि भूकंपानंतरची अशी सांगतात, म्हणजे 11 डिसेंबर 1967 च्या आधीची आणि नंतरची. या प्लेटा सगळ्या नंतरच्या.

त्यातली एक प्लेट स्पोर्ट्स कारची होती, पण आधी जीपबद्दल सांगायला हवं. या भागात परका गियरबॉक्स पहिल्यांदा आला तो जीपमधून.

कोयनेच्या कामावर साहेब लोकांच्या विलीज जीप असत. 1940 च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलीज जोडायला घेतल्या आणि ती जुनी घडण आपल्याकडे कित्येक वर्षं टिकली. तिच्या टी-90 गियरबॉक्सला पुढचे तीनच गियर. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो होता, म्हणजे ते न करकरता पडायचे; पहिल्याला नव्हता. सपाटीवर याचं काही वाटत नाही. पायथ्याच्या पोफळीकडून कुंभार्ली घाट चढायला लागलात की वाटतं. वळणावर गाडी मंदावते, दुसरा ओढत नाही, आणि चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग गियर. रेस कमीजास्त झाली की दात करकरतात. पावसाळ्यात धुक्यातून तो आवाज आला की खालच्या चहावाल्याला कळायचं, ड्रायव्हर नवा आहे.

1980 च्या दशकात महिंद्रांच्या जीपमध्ये फ्रेंच प्यूजोचं डिझेल इंजिन आलं. पुढे प्यूजोचाच पाच गियरचा बीए-10 हा गियरबॉक्सही आला. मग जुनी जीप ठेवायची, पण इंजिन-गियरबॉक्स नव्या गाडीचं टाकायचं, हा उद्योग पाटण-कऱ्हाड पट्ट्यात जोरात चालला. शेतकऱ्याला नवी गाडी परवडत नव्हती, भंगारातली अर्धी गाडी परवडत होती. आमच्या लेथचा धंदा त्यावर चालला. गंमत अशी की याच बीए-10 ला अमेरिकेत, जीपच्या माहेरी, फार शिव्या पडल्या. तिथे जीप बनवणाऱ्या अमेरिकन मोटर्समध्ये तेव्हा रेनॉचा पैसा होता, म्हणून 1987 पासून जीप चेरोकीत हा फ्रेंच गियरबॉक्स आला. सहा सिलिंडरच्या मोठ्या इंजिनापुढे तो टिकेना. क्रायस्लरने कंपनी घेतल्यावर 1989 मध्ये जपानी आयसिनचा गियरबॉक्स बसवून तो विषय मिटवला. आपल्याकडे इंजिनात तेवढी ताकदच नव्हती, त्यामुळे तोच गियरबॉक्स भला निघाला. गियरबॉक्स चांगला की वाईट, हे पुढचं इंजिन बघितल्याशिवाय सांगणारा मेस्त्री मला तरी आवडत नाही.

आता कोणी म्हणेल, हा सगळा जुगाड. हा शब्द हल्ली कौतुकाने वापरतात, मला त्याचा राग येतो. जुगाड म्हणजे मापाशिवाय केलेलं काम. आणि गाडीत परका गियरबॉक्स टाकायची सुरुवात काही रस्त्यावरच्या मेस्त्रीने केलेली नाही, कंपन्यांनीच केली.

वालचंद हिराचंद हा सोलापूरचा माणूस. त्यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली. 1089 सीसी इंजिन, स्टिअरिंगला लावलेला गियरचा दांडा. मग 1985 मध्ये प्रीमियरने 118 एनई काढली. बॉडी फियाट 124 ची, आतलं 1171 सीसी इंजिन निस्सानचं, गियरबॉक्स निस्सानचा. नावातलं एनई म्हणजेच निस्सान इंजिन. आणि अगदी शेवटी, पद्मिनीचे दिवस भरत आले तेव्हा, एस-1 नावाची पद्मिनी निघाली. तिच्यात इटालियन इंजिनामागे निस्सानचा गियरबॉक्स आणि दांडा खाली जमिनीवर. म्हणजे जे काम आम्ही कोयनानगराशेजारी हेळवाकच्या रस्त्याकडेला करत होतो, ते कुर्ल्याच्या कंपनीने छापील किमतीत विकलं.

कलकत्त्याच्या हिंदुस्तान मोटर्सचंही तेच. 1984 ची कॉन्टेसा म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची जुनी बॉडी, आत अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन. दिसायला ऐटदार, पण घाटात म्हातारी. मग तिला जपानी इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गियर मिळाले, तेव्हा ती पळायला लागली. 1992 मध्ये तेच अ‍ॅम्बेसेडरमध्ये आलं. साखर कारखान्याच्या संचालकांना घेऊन मुंबईला जाणाऱ्या ड्रायव्हरांना या बदलाचं मोल मला सांगावं लागलं नाही.

कारण साधं होतं. लायसन्सच्या काळात नवी गाडी मुळापासून घडवायला पैसा आणि परवाना दोन्ही लागत. जुने साचे पडून होते. 1983 मध्ये मारुती आल्यावर जुन्या कंपन्यांचे धाबे दणाणले, आणि बॉडी तशीच ठेवून पोटातलं बदलणं हा सर्वांत स्वस्त उपाय ठरला.

हे फक्त गरिबीचं लक्षण, असंही नाही. स्पोर्ट्स कारचा इतिहास बघा. इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी एस गाडी घेऊन अमेरिकेच्या कॅरोल शेल्बीने 1962 मध्ये तिच्यात फोर्डचं व्ही-8 इंजिन आणि बोर्ग-वॉर्नरचा गियरबॉक्स बसवला. ती कोब्रा. आज तिची किंमत ऐकली तर घेरी येईल. लोटसने 1966 मध्ये युरोपा काढली, तिची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. त्यांनी रेनॉ 16 चं इंजिन आणि गियरबॉक्स उचलले. रेनॉ 16 पुढची चाकं ओढणारी गाडी. लोटसला हवी होती मधे इंजिन आणि मागची चाकं ढकलणारी. म्हणून अख्खा संच उलटा फिरवून बसवला. पण तसा फिरवला की चाकं उलटी फिरणार, म्हणजे चार गियर मागे जायला आणि एक पुढे! मग त्यांनी आतलं क्राऊन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला नेलं. झालं काम. आम्हा कोयनेच्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या तर कऱ्हाडला कृष्णेला मिळणाऱ्या नदीचं पाणीच बोगद्यातून पश्चिमेला वळवलं, पोफळीला टर्बाइनवर पाडलं आणि वाशिष्ठीत सोडलं.

तर ती स्पोर्ट्स कार. कोल्हापूरच्या एका हौशी माणसाची 1960 च्या दशकातली एमजी मिजेट. दोन माणसांची, उघडी, 1098 सीसीची, गुडघ्याएवढी उंच. तिच्याही गियरबॉक्सला पहिल्या गियरचा सिंक्रो नव्हता, आणि आतली लेशाफ्ट खाऊन गेली होती. इंग्लंडहून सामान मागवायचं तर गाडीपेक्षा सामान महाग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला तोटा नाही, म्हादबा मेस्त्रींचं नाव तिथं अजून आदराने घेतात. पण एका प्लेटसाठी लेथ अडकवायला कोणी तयार होईना. गाडीवाले साहेब कोकणात जाताना आमच्याकडे चहाला थांबले आणि बोलता बोलता विषय निघाला.

“मेस्त्री, एनईचा गियरबॉक्स मिळालाय भंगारात. बसेल का?”

“बसवला तर बसेल. गाडी ठेवून जा, आणि घाई करू नका.”

बाहेरच्या देशांत हे काम नवं नाही. मिजेटमध्ये डॅटसन 210 चा पाच गियरचा बॉक्स टाकायची रीत तिकडे रुळलेली आहे, त्याचे तयार संच विकत मिळतात. डॅटसन म्हणजे निस्सानच. एमजीच्याच एमजीबी गाडीवाले फोर्ड सिएराचा टाइप 9 बॉक्स टाकतात. आमच्याकडे होता तो चार गियरचा, म्हणजे हायवेवर इंजिनाची धाप कमी होणार नव्हती. चौथा तिथेही सरळच. पण चारही गियरना सिंक्रो होता, आणि त्याचं सामान कुर्ल्यात मिळत होतं. मला एवढं पुरेसं वाटलं.

काम असं चालतं. निस्सानच्या गियरबॉक्सला बेलहाऊसिंग, म्हणजे क्लचवरचं घंटेसारखं झाकण, अंगचंच असतं, वेगळं काढता येत नाही. एमजीच्या इंजिनाला मागे पत्र्याची प्लेट. या दोहोंच्या मधे आमची. आधी इंजिनाची भोकं कागदावर ठोकून घ्यायची, मग बेलहाऊसिंगची, आणि दोन्हींचा मध्य फ्लायव्हीलवरून काढायचा. नुसतं भोकाला भोक जुळलं म्हणून बोल्ट आवळणारे मी पुष्कळ बघितले. फ्लायव्हीलवर डायल बांधायचा, काटा बेलहाऊसिंगच्या गोल कडेला टेकवायचा आणि इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं. काटा पाच थावच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशाच्या, आत नाचला पाहिजे. डायल बघायला मी पोफळीच्या वीजगृहातल्या फिटरांकडून शिकलो. टर्बाइन आणि जनरेटरची शाफ्ट एका रेषेत आणणाऱ्या माणसाला पाच थाव म्हणजे ढिलाई वाटते. मध्य चुकला तर गाडी त्या दिवशी चालते, म्हणूनच फसवते. पुढे पायलट बेअरिंग खातं, क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटतात, उतारावर गियर आपोआप निसटतो. कुंभार्लीच्या उतारावर गियर निसटणं म्हणजे काय, ते इथल्याला विचारा.

मग बाकीचं. क्लच प्लेट बाहेरून एमजीच्या मापाची, पण मधली जाळी निस्सानच्या शाफ्टच्या दातांची. तशी करून घेतली. क्रँकच्या टोकाला पितळी बुश वेगळा फिरवला. प्रॉपेलर शाफ्ट कापून छोटी केली, पुढचं टोक निस्सानचं, मागची फ्लँज एमजीची, आणि कऱ्हाडहून बॅलन्स करून आणली. गियरचा दांडा जवळजवळ जुन्याच भोकातून वर आला, याचं मला आश्चर्य वाटलं; बोगद्याचा पत्रा थोडाच कापावा लागला. स्पीडोमीटरची केबल मात्र जुळेना, तिला एका टोकाला एमजी आणि दुसऱ्या टोकाला निस्सान करून घेतलं.

ट्रायल घाटातच. मिजेट पोफळीपासून वर आली, वळणावर चालत्या गाडीत पहिला पडला आणि काही आवाज झाला नाही. साहेब हसले. मी क्लचचा वास येतोय का ते बघत होतो.

हल्ली जुन्या गाड्यांचं जग दोन गटांत आहे. एक गट म्हणतो, स्क्रूसुद्धा मूळचा हवा. मला त्यांचा आदर आहे, पण ते बहुतेक गाड्या ट्रेलरवरून नेतात. कायदाही आता बोलायला लागलाय. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येणार नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम आणले, त्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. गाडी मूळ रूपात हवी, आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. त्या ओळीत गियरबॉक्सचं नाव नाही. ते सुटलं की सोडलं, हे दिल्लीतल्या बाबूंनाच ठाऊक. आरटीओतल्या माणसाने त्याचा अर्थ कसा लावायचा, यावर मी पैज लावणार नाही.

म्हणून मिजेटचं काम करताना मी एक नियम ठेवला होता: मूळ इंजिनाला एकही नवं भोक पाडायचं नाही, चेसीला वेल्डिंगचा टिपका नाही. बोगद्याचा तेवढा पत्रा आणि प्रॉपेलर शाफ्ट सोडली तर जे काही कापायचं ते आमच्या प्लेटमध्ये आणि निस्सानच्या बॉक्समध्ये. जुना गियरबॉक्स ग्रीस लावून गोणपाटात बांधून साहेबांच्या गाडीत टाकला आणि सांगितलं, हा विकू नका. कुणी लेशाफ्ट दिली तर आमची प्लेट काढा, जुना बॉक्स परत चढवा, आणि व्हीए नंबरचा अर्ज भरा. प्लेट मात्र मला आणून द्या. निस्सानचा दुसरा बॉक्स कऱ्हाडच्या भंगारवाल्याने बाजूला काढून ठेवलाय.