बावीस क्रमांकाची राणी

आपल्या समाजातील कित्येक घरांतले वडीलधारे रेल्वेच्या नोकरीत आयुष्य घालवून निवृत्त झाले. त्यामुळे आगगाडीचा विषय निघाला की बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या गाडीची, दि. १६ एप्रिल १८५३ ची, हकीकत हटकून निघते. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्या गाडीच्या तीन इंजिनांची नावे आम्ही वर्गात मुलांकडून पाठ करून घेत असू. परंतु ती आता कोठे आहेत, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले म्हणजे आमची पंचाईत होई. तिघांपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही.

टिकले ते बंगालकडचे. लीड्स येथील किटसन, थॉम्पसन आणि हेविटसन यांच्या कारखान्याने ते १८५५ साली ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बांधले. तेव्हा त्यास केवळ २२ हा क्रमांक होता. ‘फेअरी क्वीन’ हे नाव मिळाले १८९५ मध्ये, म्हणजे चाळिशी गाठल्यावर! वजन सुमारे २६ टन. पाण्याची टाकी खाली, चाकांच्या मध्ये. गाडी ओढणारी चाके एकच जोडी, मात्र तब्बल सहा फूट व्यासाची. सारा जोर त्या एका जोडीवर असल्यामुळे जड गाडी त्यास झेपणारी नव्हती. म्हणून हावडा ते राणीगंज मार्गावरील हलक्या टपालगाड्या त्याच्याकडे आल्या.

१८५७ च्या उठावात याच इंजिनाने कंपनी सरकारच्या पलटणी वाहून नेल्या. परीराणीच्या नावावर भाळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. आम्हांस हे वाचून क्षणभर तिच्याविषयी परकेपणा वाटला खरा. पुढे बिहारात लोहमार्ग बांधणीच्या कामी ते १९०९ पर्यंत राबले. नंतर हावड्याला चौथऱ्यावर उभे राहिले आणि १९४३ मध्ये चंदौसी येथील रेल्वेच्या प्रशिक्षणशाळेत गेले. आम्ही स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेले असल्याने जीवनक्रमातला हा टप्पा आम्हांस विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. सेवानिवृत्त होऊन शिकाऊ मंडळींसमोर उभे राहणे, याहून सन्मानाचे काम ते कोणते? तेथून ते दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आले.

खरे नवल त्यापुढचे. पेरांबूरच्या कारखान्यात कारागिरांनी त्याची दुरुस्ती केली आणि १८ जुलै १९९७ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या विश्रांतीनंतर, ते दिल्ली कॅन्टोन्मेंटहून अलवारकडे प्रवासी घेऊन निघाले. अंतर १४३ किलोमीटर. वेग फार तर ताशी ४०. नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून १९९८ मध्ये गिनीजच्या ग्रंथात त्याची नोंद झाली.

अशी जुनी वस्तू चालवून झिजवावी काय, असा आक्षेप काही जाणकार घेतात. तो पोकळ नाही. प्रत्येक फेरीत थोडे मूळ लोखंड झिजतेच. पण नुसते उभे ठेवल्यानेही वस्तू सुरक्षित राहते असे नाही. २०११ मध्ये चोरट्यांनी या इंजिनाचे भाग काढून नेले, ते काही ते धावत असताना नव्हे! पुन्हा पेरांबूरलाच नेऊन दुरुस्ती करावी लागली आणि २०१२ च्या डिसेंबरात ते परत रुळांवर आले. आमचे मत चालवण्याच्या बाजूचे आहे. वाफ कशी ओढते, हे फळ्यावर आकृती काढून आम्ही वर्षानुवर्षे शिकवले; मुलांस ते कितपत उमगले, देव जाणे.

त्याच वर्षी जन्मलेले २१ क्रमांकाचे भावंड, ‘एक्स्प्रेस’, तेही पेरांबूरच्याच मंडळींनी २०१० साली पुन्हा चालते केले.