दोन आकड्यांची कुळकथा

क्ष-किरणांनी टिपलेल्या स्फटिकाच्या नोंदी रचना उकलणाऱ्या प्रोग्रामच्या हवाली करण्यापूर्वी त्यांची छाननी कोणत्या सॉफ्टवेअरने करावी, याचा खल प्रयोगशाळांतून नित्य चालतो. परंतु ‘एक्सप्रेप’ या छाननीच्या प्रोग्रामच्या पडद्यावर मोजलेल्या सरासरीशेजारी अपेक्षित म्हणून ०.९६८ आणि ०.७३६ हे जे दोन आकडे उमटतात, त्यांचे कूळ त्या प्रोग्रामहून कितीतरी जुने आहे.

फ्रीडेलच्या नियमानुसार, स्फटिकाला सममितीचे केंद्र असो वा नसो, त्याच्या विवर्तनाच्या चित्रात ते सामान्यतः दिसतेच. त्यामुळे केंद्र आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल चित्राच्या सममितीवरून लागत नाही. फिल्मच्या जमान्यात तिच्यावरचा प्रत्येक डाग क्रमाने गडद होत जाणाऱ्या ठिपक्यांच्या पट्टीशी ताडून त्याची तीव्रता नजरेने ठरवीत, आणि पदरी पडत ती केवळ सापेक्ष मापे. त्या मापांना निरपेक्ष प्रमाणावर आणण्याची रीत आर्थर विल्सन यांनी १९४२ साली ‘नेचर’मध्ये मांडली, पुढे १९४९ मध्ये त्यांनी सिद्ध केले की, केंद्र असलेल्या रचनेत अतिक्षीण आणि अतितीव्र अशी दोन्ही टोकांची परावर्तने अधिक आढळतात, तर केंद्र नसलेल्या रचनेत तीव्रता तुलनेने सरासरीच्या आसपास राहतात. एकेका डागाला जी साक्ष देता येत नव्हती, ती त्यांच्या समुदायाकडून वदवून घेणारा हा युक्तिवाद मला या शास्त्रातील अत्यंत मार्मिक युक्तिवादांपैकी एक वाटतो. सरासरी तीव्रता एक मानली, तर प्रत्येक तीव्रतेचे त्या एकापासूनचे अंतर, चिन्ह न पाहता, सरासरीने केंद्र असता ०.९६८ आणि नसता ०.७३६ भरते.

पुढे जॉर्ज शेल्ड्रिक यांचा रचना उकलणारा ‘शेलएक्स’ हा प्रोग्राम १९७६ मध्ये सर्वत्र वितरित झाला. त्या परंपरेच्या फाइलीत, पंच कार्डाला साजेशा शिस्तीने, परावर्तनाचे तीन निर्देशांक चार-चार रकान्यांत आणि तीव्रता व तिची अनिश्चितता आठ-आठ रकान्यांत बसतात. हा साचा सर्वमान्य झाल्यामुळेच छाननी एका प्रोग्रामकडे आणि उकल दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा मिळाली.

मात्र जड अणू किंवा जुळे स्फटिक असल्यास अंतराची ती सरासरी दिशाभूल करू शकते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शेलएक्सटी’ने तर क्रमच उलटवून, आधी कोणतीही सममिती न मानता रचना उकलावी आणि मग परावर्तनांच्या कलांवरून (फेज) स्पेस ग्रुप, म्हणजे स्फटिकाच्या सममितीचा गट, ठरवावा, असा मार्ग घालून दिला. तरीही, जो प्रोग्राम स्पेस ग्रुप सुचवताना आपली कारणे तपशीलवार नोंदवतो, तोच नवशिक्याने प्रथम पत्करावा आणि निकाल मान्य करण्याआधी ती कारणे वाचावीत.