कुरकुरीचा माग

परवा साताऱ्याहून सांगलीला येत होतो. पेठ नाक्याला हायवे सोडला आणि गाडीत कुठंतरी कुरकुर सुरू झाली. मी रेडिओ मोठा केला. आवाज लपला, पण गेला नाही.

मोटारीतल्या आवाजांनाही इतिहास आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचंच नाव आहे. त्यांच्या कंपनीची पद्मिनी कुर्ल्यात तयार होई. त्या पिढीच्या मोटारींत पत्रा जास्त, प्लास्टिक कमी. आवाज यायचा तो खडखडाटाचा; बोल्ट आवळला की मिटायचा. १९८३ साली मारुती ८०० आली. पुढं मोटारीच्या पोटात प्लास्टिक वाढलं, बोल्टच्या जागी क्लिपा आल्या. प्लास्टिकवर प्लास्टिक अडतं, सुटतं, पुन्हा अडतं. त्याचीच कुरकुर होते. शिवाय इंजिनं शांत झाली. पूर्वी त्यांच्या घरघरीत बुडणारा बारीक आवाज उघडा पडला. विजेच्या मोटारीत तर तो लपायला जागाच नाही.

सांगलीत मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी रेडिओ बंद केला. मग डिकीतली स्टेपनी, जॅक, दारातली नाणी, बाटल्या काढून ठेवल्या. ‘‘भाई, गाडी तुम्ही चालवा, मी ऐकतो,’’ म्हणाले. खडबडीत रस्त्यावर ते एकेक भाग तळहातानं दाबत गेले. डॅशबोर्डाची डावी कड दाबताच कुरकुर थांबली. गॅरेजमध्ये येऊन त्यांनी पट्टी उघडली, तुटकी क्लिप बदलली, सांध्यात फेल्टचा तुकडा चिकटवला. तेल मात्र सोडलं नाही. काही तेलांनी प्लास्टिक खराब होतं, म्हणाले.

मला शेजारचं मिरज आठवलं. एकोणिसाव्या शतकात तिथं हत्यारं बनवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब तंतुवाद्यांकडं वळले आणि सतारमेकरांची परंपरा सुरू झाली. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात. घोडीवर तार हलकेच टेकते, तिच्याखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधतात. तिथं धाग्यानं आवाज खुलतो, इथं फेल्टनं मिटला. जागा मात्र दोन्हीकडं कानच दाखवतो.

‘‘यंत्रं आलीत आता आवाज शोधायला,’’ मी म्हणालो.

‘‘येऊ द्या की. पण गिऱ्हाईक रेडिओ मोठा करून येतं, त्याचं काय?’’

परतताना साताऱ्यापर्यंत मी रेडिओ लावला नाही. रेडिओवर बोलणाऱ्यानं हे सांगू नये, पण सांगितलं.