पुण्याहून ऑक्सफर्डला: कॉर्नेलिया सोराबजी यांचें विद्यार्जन

परीक्षेंत पहिलें यावें आणि पहिल्या क्रमांकाचें पारितोषिक मात्र हातांत पडूं नये, असा प्रसंग विद्यार्थ्याच्या आयुष्यांत क्वचितच येतो. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील एका ख्रिस्ती विद्यार्थिनीवर तो आला. तिचें नांव कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म नाशिकला १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या काळच्या धर्मांतराबरोबर जें जें येई तें सर्व त्यांच्या वांट्यास आलें. आई फ्रान्सिना यांना लेडी फोर्ड नांवाच्या आंग्ल स्त्रीनें वाढविलें होतें. मुलीचें कॉर्नेलिया हें नांव त्यांच्याच नांवावरून ठेवलेलें. फ्रान्सिनाबाईंनीं पुण्यांत व्हिक्टोरिया हायस्कूल चालविलें. निरनिराळ्या धर्मांचीं मुलें तेथें एका बाकावर बसत. घरांत विद्येची कमतरता नव्हती. कमतरता होती ती पाठबळाची. पारशी विद्यार्थ्यामागें त्याच्या जमातीचे दानशूर शेटजी उभे असत, हिंदु विद्यार्थ्याला एखादा संस्थानिक हात देई. धर्मांतरित घराण्याला यांतला एकहि आधार नव्हता. जुनी जमात तुटलेली, नवी जमात मूठभर आणि गरीब. परदेशीं शिकावयाचें तर सरकारी शिष्यवृत्ति, नाहीं तर विलायतेंतील धर्मबंधूंचें औदार्य, एवढेच मार्ग.

मुंबई विद्यापीठानें आपल्या परीक्षा स्त्रियांना १८८३ मध्यें मोकळ्या केल्या. त्याच वर्षीं कलकत्त्यास पहिल्या दोन स्त्रिया बी.ए. झाल्या, आणि त्यांपैकीं चंद्रमुखी बसू या ख्रिस्ती होत्या, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजांत मुलांच्या वर्गांत शिकल्या, आणि बी.ए.च्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊन इलाख्यांत अग्रभागीं आल्या. अशा विद्यार्थ्यास विलायतेंत शिकण्याकरितां सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची. ती त्यांना नाकारण्यांत आली, कारण उमेदवार स्त्री होती. नियम करणाऱ्यांच्या मनांत असा प्रसंग आलाच नसावा. पण मनांत न आलेल्या गोष्टीचें उत्तर ‘नाहीं’ असेंच देण्याची कचेऱ्यांची रीत जुनी आहे. बाई रडत बसल्या नाहींत. अहमदाबादेच्या गुजरात कॉलेजांत, मुलग्यांना इंग्रजी शिकविण्याची जागा त्यांनीं पत्करली. त्या काळीं ही गोष्ट शिष्यवृत्तीहून कमी नवलाची नव्हती.

पुढील हकीकत पत्रांची आहे. बाईंनीं विलायतेंतील नॅशनल इंडियन असोसिएशन या संस्थेकडे साह्य मागितलें. संस्थेच्या कार्यवाह मिस मॅनिंग आणि लेडी मेरी हॉबहाउस यांनीं काम अंगावर घेतलें. लेडी हॉबहाउस यांनीं १८८८ मध्यें ‘टाइम्स’ पत्रांतून हा अन्याय लोकांपुढें मांडला आणि वर्गणी सुरू झाली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न हे होते. सरकारनें जें नाकारलें तें खासगी पैशांतून उभें राहिलें, आणि १८८९ मध्यें कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्यें दाखल झाल्या.

अशा साह्याला दुसरीहि बाजू असते. सहा वर्षांपूर्वीं पंडिता रमाबाई इंग्लंडांत गेल्या, वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयाला राहिल्या, आणि तेथेंच त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वैद्यक शिकण्याचा बेत कानाच्या दोषामुळें सोडावा लागला. पुढें चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. पण ज्यांनीं आसरा दिला त्यांना रमाबाईंनीं विचारहि आपल्याच सांच्यांतले करावेत असें वाटे, आणि त्यावरून झालेला पत्रव्यवहार आज छापून प्रसिद्ध आहे. कॉर्नेलियाबाई जन्मापासून ख्रिस्ती, इंग्रजी रीतींत वाढलेल्या. त्यांना हा तिढा इतका जाचला नाहीं. त्यांचें भांडण धर्माशीं नव्हतें, दाराशीं होतें.

ऑक्सफर्डमध्यें माणसें मात्र चांगलीं भेटलीं. बेलिअल कॉलेजचे वृद्ध प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनीं त्यांना मायेनें जवळ केलें. कायद्याचे नामांकित अध्यापक त्यांना शिकवावयास तयार झाले; त्यांत कलकत्ता हायकोर्टाचे एके काळचे न्यायाधीश सर विल्यम मार्कबी हेहि होते. सर विल्यम अ‍ॅन्सन यांच्या निमंत्रणावरून ऑल सोल्स कॉलेजच्या कॉडरिंग्टन ग्रंथालयांत त्यांना १८९० मध्यें वाचावयास बसतां आलें. तेथें वाचक म्हणून प्रवेश मिळालेली ही पहिलीच स्त्री. विद्यार्थ्याला वर्गणीपेक्षांहि ग्रंथालयाची किल्ली केव्हां केव्हां अधिक मोलाची असते, हें परदेशीं शिकलेल्या कोणासहि पटेल.

परीक्षेची वेळ आली तेव्हां पुन्हां तोच प्रश्न. बी.सी.एल. ही कायद्याची पदव्युत्तर परीक्षा. तिला स्त्री कधीं बसली नव्हती. मित्रांनीं अर्ज केले, खटपटी केल्या, आणि १८९२ मध्यें विद्यापीठाच्या सभेनें खास ठराव करून परवानगी दिली. बाई परीक्षेस बसल्या व तिसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या. वर्ग तिसरा म्हणून कोणी नाक मुरडूं नये: ती परीक्षा पुरुषांनाहि कठीण होती, आणि आपल्याला बसूं देतील कीं नाहीं या काळजींत त्यांना अभ्यास करावा लागला होता. पदवी मात्र मिळाली नाहीं, कारण ऑक्सफर्ड त्या काळीं स्त्रियांना शिकवी, परीक्षा घेई, पण पदवी देत नसे.

बाई १८९३ मध्यें स्वदेशीं परतल्या. ज्या पडदानशीन स्त्रियांना पुरुष वकिलाशीं बोलतांहि येत नसे त्यांचीं कामें चालवावीं, हा त्यांचा हेतु. मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्.बी. परीक्षा १८९७ मध्यें व अलाहाबादची प्लीडरची परीक्षा १८९९ मध्यें त्या उत्तीर्ण झाल्या, तरी वकील म्हणून नोंद होईना. अखेर १९०४ मध्यें बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्यें सरकारी सल्लागाराची जागा त्यांना मिळाली, आणि जहागिरींतील विधवा व अज्ञान वारस यांच्या कामासाठीं नावा, पालख्या, हत्ती यांतून त्या वर्षानुवर्षें हिंडल्या.

ऑक्सफर्डनें १९२० मध्यें स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली. कॉर्नेलियाबाईंनीं आपली बी.सी.एल. १९२२ मध्यें, परीक्षा दिल्यावर तीस वर्षांनीं, हातांत घेतली. हिंदुस्थानांत स्त्रियांना वकिली करण्याची आडकाठी १९२३ च्या कायद्यानें दूर झाली. दुसऱ्या वर्षीं बाई कलकत्त्यास बॅरिस्टर म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हां वयाचीं ५७ वर्षें उलटलीं होतीं.