लघुसंदेशांतील फसवणूक : ओळख व प्रतिबंध

मोबाइल क्रमांकावर ग्राहकाच्या संमतीवाचून येणारे जाहिरातीचे लघुसंदेश आणि खोट्या नावाने पैसे, पासवर्ड किंवा ओटीपी काढून घेण्यासाठी पाठवलेले लघुसंदेश एकाच वाटेने येत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते भिन्न आहेत. पहिल्या प्रकाराला भारतीय नियमांत अनाहूत व्यावसायिक संदेश म्हणतात आणि त्याचे नियमन भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) करते. दुसरा प्रकार हा गुन्हा असून त्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 66डी (संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक) तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंतचा दंड सांगते. शिवाय 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची व तोतयेगिरीची कलमेही त्याला लागू होतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण जाहिराती थांबवण्यासाठी केलेली नोंदणी गुन्हेगाराला थांबवत नाही.

गुन्हेगाराचा संदेश ग्राहकाला स्वतःच ओळखावा लागतो, आणि ते किती अवघड आहे हे दादरासारख्या बहुभाषिक ठिकाणी स्पष्ट दिसते. दादरा हा दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचा भाग नगर हवेलीपासून अलग असून चहूबाजूंनी गुजरातच्या वलसाड जिल्ह्याने वेढलेला आहे. जुलै 1954 मध्ये पोर्तुगिजांकडून मुक्त झालेले हे ठिकाण आज वापी–सिल्व्हासा मार्गावरील औद्योगिक पट्ट्यात मोडते. येथील दूरसंचार सेवा गुजरात परिमंडळात येते, उच्च न्यायालय मुंबईचे आहे, तर वीज वितरण 1 एप्रिल 2022 पासून शासकीय कंपनीकडून टोरेंट पॉवरची बहुसंख्य भागीदारी असलेल्या कंपनीकडे गेले आहे. वारली, गुजराती, मराठी, हिंदी आणि परप्रांतीय कामगारांच्या इतर भाषा येथे शेजारीशेजारी नांदतात, आणि फसवणुकीच्या संदेशांबाबत नेहमी दिला जाणारा सल्ला याच कारणाने येथे तोकडा पडतो.

‘संदेशातील इंग्रजीच्या चुका पाहा,’ असा तो सल्ला असतो. इंग्रजीत सहज वाचणाऱ्याला तो उपयोगी पडेल. परंतु ज्याला बँकेचा खरा संदेशही अक्षरे जुळवत वाचावा लागतो, त्याला खऱ्या व खोट्या इंग्रजीतील फरक दिसणार नाही. बँकांचे संदेश बहुधा रोमन लिपीत येण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. एका लघुसंदेशात रोमन लिपीतील 160 अक्षरे मावतात, पण देवनागरीसाठी युनिकोड वापरावा लागत असल्याने ही मर्यादा 70 वर येते. तोच मजकूर मराठीत पाठवल्यास एकाऐवजी दोन किंवा तीन संदेशांचा खर्च येतो. ग्राहकाला त्याच्या भाषेत संदेश न देता भाषेवरून खोटेपणा ओळखण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. म्हणून संदेश कोणाच्या नावाने आला, तो वाचणाऱ्याकडून नेमके काय करवून घेऊ पाहतो आणि किती मुदत देतो, या भाषेवर कमी अवलंबून असलेल्या तीन गोष्टींवरून परीक्षा करणे अधिक भरवशाचे ठरते.

पहिली गोष्ट प्रेषकनाम, म्हणजे संदेशाच्या वर क्रमांकाच्या जागी दिसणारी अक्षरे. ट्रायच्या 19 जुलै 2018 च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपले प्रेषकनाम आणि संदेशाचे ठरावीक साचे दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत (ही नोंदवही ब्लॉकचेन प्रकारच्या तंत्रावर चालते) आधी नोंदवावे लागतात, आणि साच्याशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवला जातो. 8 मार्च 2021 रोजी ही छाननी कडकपणे सुरू झाली, तेव्हा अनेक बँकांनी साचे नोंदवलेले नसल्याने देशभर ओटीपी अडकले आणि ती काही दिवसांसाठी स्थगित करावी लागली. प्रेषकनामाच्या आरंभीच्या दोन अक्षरांपैकी पहिले दूरसंचार कंपनीचे असते (ए म्हणजे एअरटेल, जे म्हणजे जिओ, बी म्हणजे बीएसएनएल) आणि दुसरे परिमंडळाचे (जी गुजरातचे, एम मुंबईचे, झेड उर्वरित महाराष्ट्राचे). हे दुसरे अक्षर पाठवणाऱ्याच्या बाजूचे असल्यामुळे दादरा येथील ग्राहकाला जीऐवजी एम दिसले, तर तेवढ्यावरून संशय घेण्याचे कारण नाही. 12 फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडले जाते : जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि शासकीय संदेशासाठी जी. पी अक्षर असलेला संदेश खाते बंद होण्याची धमकी देत असेल, तर त्यातच विसंगती आहे.

प्रेषकनामासह या तिन्ही गोष्टींचे ठळक उदाहरण 2022 च्या सुमारास देशभर पसरलेल्या वीजबिलाच्या संदेशात सापडते. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्याशी संपर्क साधा,’ अशा आशयाचा हा संदेश साध्या दहा आकडी क्रमांकावरून येई व त्यात तसाच दुसरा क्रमांक दिलेला असे. महाराष्ट्रात महावितरणने वारंवार खुलासा केला की, कंपनीचे संदेश व्हीएम, व्हीके, एएम, जेएम अशा अक्षरजोड्यांपुढे एमएसईडीसीएल असलेल्या प्रेषकनामानेच जातात आणि ग्राहकाला कोणत्याही वैयक्तिक क्रमांकावर संपर्क साधण्यास सांगितले जात नाही. या संदेशाचा जोर वेळेच्या निवडीत होता. रात्री कार्यालय बंद असते, खातरजमा करण्यास माणूस सापडत नाही आणि घर अंधारात जाण्याची भीती खरी वाटते. दिलेल्या क्रमांकावर फोन केल्यास समोरचा माणूस दहा रुपयांसारखी किरकोळ रक्कम भरायला सांगून दूरस्थ नियंत्रणाचे अ‍ॅप उतरवायला लावी, आणि त्या अ‍ॅपमधून फोनचा पडदा त्याला दिसत असल्याने पुढचा ओटीपी ग्राहकाने सांगण्याचीही गरज उरत नसे. ज्या प्रदेशात वीज कंपनीचे नाव नुकतेच बदललेले असते, तेथे ग्राहकाला खरे प्रेषकनाम पाठ असण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे छापील बिलावर ते ठळकपणे देणे हा कंपनीने पार पाडण्याजोगा साधा उपाय आहे.

पुढील काळात हाच साचा अडकलेल्या टपालाचा अपुरा पत्ता, बँकेचे केवायसी, वाहनाचे ई-चलान अशी नावे बदलत राहिला. चलानाच्या प्रकारात दुव्याऐवजी बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची थेट फाइल, पाठवली जाते. ती उघडून लघुसंदेश वाचण्याची परवानगी दिली की, बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी गुपचूप दुसऱ्या क्रमांकाकडे वळतो. प्ले स्टोअरबाहेरून आलेली अशी फाइल शासनाचा कोणताही विभाग दंडवसुलीसाठी पाठवत नाही. दुव्यांची परीक्षा पत्त्याच्या शेवटाकडून सुरू करावी, कारण आरंभी बँकेचे किंवा टपाल खात्याचे नाव कोणीही लिहू शकतो, पण शासकीय संकेतस्थळांचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असतो; बँकांनीही 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यांवर जावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. 1 ऑक्टोबर 2024 पासून नोंद नसलेले दुवे असलेले व्यावसायिक संदेश दूरसंचार कंपन्यांनी अडवावेत, असेही ट्रायने ठरवले आहे.

तरीही योग्य प्रेषकनाम दिसणे ही सत्यतेची पूर्ण हमी नाही. वापरात नसलेल्या नोंदणीकृत नावांचा व साच्यांचा गैरवापर आढळल्याने त्यांची फेरतपासणी करण्याचे निर्देश फेब्रुवारी 2023 मध्ये द्यावे लागले. त्याहून अवघड प्रकार बनावट मनोऱ्याचा आहे : गाडीत मावेल एवढे यंत्र आसपासचे फोन स्वतःकडे ओढून त्यांना 2जी जाळ्यावर उतरवते आणि हवे ते प्रेषकनाम लावून थेट संदेश टाकते. 2जी पद्धतीत जाळे फोनची ओळख तपासते, पण फोन जाळ्याची ओळख तपासत नाही. शिवाय संदेश कंपनीच्या यंत्रणेतून जात नसल्याने कोणतीही छाननी त्याला गाठत नाही, आणि फोनमध्ये तो बँकेच्या जुन्या खऱ्या संदेशांच्या खालीच जाऊन बसू शकतो. अँड्रॉइड 12 पासून काही फोनमध्ये 2जी बंद करण्याची सोय आहे.

जाहिराती रोखण्यासाठी 1909 या क्रमांकाला रोमन लिपीत ‘स्टार्ट’ हा शब्द, एक जागा सोडून 0 हा आकडा, असा संदेश पाठवल्यास सर्व वर्गांतील जाहिराती बंद होतात. बँकिंग, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य असे निवडक वर्गही बंद करता येतात. ओटीपी व शासकीय सूचना त्यामुळे अडत नाहीत. नोंदणीनंतरही जाहिरात आल्यास मजकूर, प्रेषक व दिनांक 1909 वरच कळवावा लागतो, आणि त्यासाठीची तीन दिवसांची मुदत 2025 मध्ये सात दिवसांची झाली. फोनमधील ‘ब्लॉक’ची कळ तो एकच प्रेषक बंद करते, फसवणूक करणारे सिमकार्डे सतत बदलत असल्याने तिचा उपयोग मर्यादित राहतो. साध्या बटणांच्या फोनवर स्पॅम वेगळे काढणारी सोय बहुधा नसते, आणि तेथे 1909 हाच मुख्य मार्ग उरतो.

संशयास्पद पण नुकसान न झालेल्या संदेशाची नोंद दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत करता येते. ती 4 मार्च 2024 रोजी सुरू झाली. पैसे गेले असतील, तर मात्र चक्षूवर वेळ न घालवता 1930 हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक लावावा. तेथील नोंद पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे आणि तेथून पुढे हललेल्या रकमेच्या मागोमाग पुढच्या बँकांकडे जाते, आणि रक्कम जिथे अजून शिल्लक असेल तिथे गोठवली जाते. त्यामुळे पहिल्या काही तासांना सर्वाधिक किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य असते. ओटीपी स्वतः सांगितला असल्यास कळवण्याआधीचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते, परंतु कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते, आणि ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो. लाजेपोटी किंवा घरच्यांच्या भीतीने अनेक जण मूळ संदेश पुसून टाकतात. तो न पुसता प्रेषकनाम व वेळ दिसेल असा त्याचा स्क्रीनशॉट जपावा, 1930 वरील नोंदीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि बँकेलाही स्वतंत्रपणे कळवून पोच घ्यावी, कारण ग्राहकाचे दायित्व बँकेला कळवल्याच्या वेळेवरून ठरते.