मोगूबाई कुर्डीकर : तालीम आणि संसार

कुर्डी या गोव्यातील गावी १९०४ साली जन्मलेल्या गायिका मोगूबाईंचे बालपण संगीत नाटक मंडळ्यांत गेले, आणि पुढे उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे सुरू झालेली त्यांची तालीम, म्हणजे गुरूसमोर बसून घ्यावयाचे प्रत्यक्ष शिक्षण, मध्येच खंडित झाल्याने त्यांना काही काळ अन्य उस्तादांकडेही शिकावे लागले; १९३०च्या दशकात गंडा बांधून, म्हणजे शिष्यत्वाचा धागा विधिपूर्वक स्वीकारून, त्या पुन्हा खाँसाहेबांकडे आल्या. पतीच्या निधनानंतर तीन मुलांचा भार एकटीवर पडला, तेव्हा मैफली आणि शिकवण्या हाच त्यांच्या घराचा आधार होता. कलावंतिणींना त्या काळी मिळणारी वागणूक पाहता हा निर्वाह सोपा नव्हता, हे मुद्दाम नोंदवावे लागते.

कन्या किशोरी आमोणकर आईच्या मागे तानपुऱ्यावर बसत. स्थायी व अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, मोगूबाई दोनदाच गाऊन दाखवीत, तिसऱ्यांदा नाही. त्यामुळे शिष्येला पहिल्याच श्रवणात स्वरांचे बारकावे टिपावे लागत. माया या शिस्तीआड झाकली जाई खरी, परंतु खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली गायकीतील लयीशी घट्ट बांधलेली, पेचदार आलापी अशा कानाखेरीज साधणारी नव्हती. पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर यांनीही त्यांच्याकडे शिक्षण घेतले. १९७४ मध्ये पद्मभूषण लाभलेल्या मोगूबाई २००१ साली, वयाच्या ९६व्या वर्षी निवर्तल्या; कुर्डी गाव त्यापूर्वीच साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले होते.